माळ्यावरचे गेम

माणगावच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जातो, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मी नवी हार्ड डिस्क मागितली तेव्हाही तोच, "ठेवनार काय त्यात?"

"गेम," मी चाचरत म्हणालो. पन्नाशीत हे सांगायला धीर लागतो. मग सगळंच सांगितलं. मुलगी पुण्याला नोकरीला जाईपर्यंत आम्ही बापलेकीने एका गेममध्ये तीन वर्षं खपून गाव वसवलं होतं. ती गणपतीला येणार, आणि इकडे जुनी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागलेली.

"सगळ्यात मोठी द्या," मी फ्रीज घ्यायला आल्यासारखं म्हणालो.

"मोठी म्हंजे माळा. माळ्यावर कोन जेवतं का? मोठीवर सगळे गेम ठेवा, खेळायचा तेवढा छोट्या चपळ डिस्कवर उतरवा."

मग ते जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर घेऊ लागले. जुनी तापू नये म्हणून दुकानातला एकुलता पंखा त्यांनी तिच्याकडे वळवला आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत दुपारभर बसून राहिले. शेवटी गेम उघडला. घरं, बंदर, सगळं जागेवर होतं.

त्यांनी चष्मा वर केला. "पूल अर्धाच हाय."

"तो माझ्याकडे होता," मी कबूल केलं.

"मंग ऱ्हाऊ द्या. लेक आली का दोघं मिळून करा."

मी पुलाला हात लावलेला नाही. रोज उघडून नुसता बघतो.