हिरोवरून ओवाळलेली नोट

मंडळी, अजून अंगात गाणं वाजतंय! नवापूरहून आत्याला घेऊन आज सुरतला पिक्चर बघायला गेले होते. पिक्चर हिंदी, त्यामुळे आत्या पेंगत होती.

अचानक लग्नाच्या सीनमध्ये चक्क अहिराणी गाणं! रीलवर नाही, मोठ्या पडद्यावर!

आत्या ताडकन उठली. "हाई ते आपलं गानं शे!"

अंधारातून कुणीतरी ओरडलं, "ताई, कोनतं गाव तुमनं?" मग काय, सुरतेत कामाला आलेला अख्खा खान्देश खुर्च्या सोडून नाचायला लागला!

आपल्याकडे वरातीत नाचणाऱ्यावरून नोट ओवाळून बँडवाल्याला देतात. आत्याने थेट पडद्याजवळ जाऊन हिरोवरून नोट ओवाळली.

गाणं संपलं. आत्या नोट धरून तिथेच उभी. मला म्हणते, "आते हाई कोनले देऊ?"

सांगा, आता ती नोट कुणाला द्यायची? काय उत्तर देऊ तिला?