टँटलमची शेवटची कुपी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याला शत्रू मानणारा एकच माणूस मला भेटला. तो तेर गावाहून रोज एसटीनं येऊन आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. मी इतिहासाचा; सरांचं काम मला कळलं ते त्यांनी प्रत्येक चहाला सांगितलं म्हणून. वेल्डिंगवाल्यांच्या ॲसिटिलीनचे शेपट्या जोडलेले भाऊबंद घ्यायचे, त्यांचे रेणू माळेसारखे ओवायचे आणि त्यांची पातळ झिल्ली, म्हणजे पापुद्र्यासारखा पडदा, करायची. तिच्यातून हवेतला ऑक्सिजन नायट्रोजनच्या आधी पार होतो. ओवणारा उत्प्रेरक म्हणजे टँटलम धातूचं क्लोराइड, आणि त्याला दमट हवासुद्धा सोसत नाही. म्हणून सर प्रयोगशाळेत माठ ठेवू देत नसत, ओल्या केसांच्या मुलींना दारातून परत पाठवत. ‘संशोधन केंद्र’ ही खोलीहून रुंद पाटी लावून प्राचार्य भाषणाला उभे राहिले, तेव्हा सर म्हणाले, “साहेब, जरा तिकडं तोंड करून बोला. वाफ येतीया.”

झिल्ली काही होत नव्हती. कधी वीज जायची, कधी सोलापूरहून नायट्रोजनचं सिलिंडर यायचं नाही. सर दमले होते, त्यांचं ऐकून मीही. निवृत्ती महिन्यावर आली होती आणि टँटलमची एकच कुपी उरली होती. “झिल्ली तळहाताएवढी झाली तरी बास,” ते म्हणायचे.

खंडेनवमीची पूजा आमच्याकडे सुट्टीच्या आदल्या दिवशीच उरकतात. सर आणि मी प्रयोगशाळेत शिरलो तर प्रत्येक उपकरणाला हळदकुंकू, झेंडू. काचसामान धुणाऱ्या मावशी धावत आल्या. कुपी दमट हवेपासून जपायच्या कोरड्या पेटीची किल्ली त्यांच्याकडेच असायची. सरांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

“सर, तुमच्या कुपीला यश न्हाय म्हणून तुळजापूरचं तीर्थ आणलं हुतं. झाकण काढून थेंबभर घातलं, तर फस्सकन पांढरा धूर निघाला बघा! आई पावली!”

मी तोंड उघडलं. सरांनी माझा दंड दाबला. कुपीत ओला पांढरा गोळा होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला.

“पावली, मावशी,” ते म्हणाले. “खिडकी तेवढी उघडा. धूर नाकाला बरा न्हाय.”

मावशींनी खिडकी उघडली आणि सरांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्या गेल्यावर मी विचारलं, “दुसरी कुपी मागवायची का?”

“येईस्तोवर मी इथं असतोय व्हय?” ते म्हणाले, आणि कुंकू न पुसता पहिल्या वर्षाच्या वर्गावर गेले.