टेकली आहे, टेकली होती

लेकीला दिवस गेले तेव्हा ती स्पेनमध्ये होती. तिच्या सासूबाईंना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि माझा व्हिसा काही केल्या होत नव्हता. बाळंतपणाला जाता येत नाही, तर निदान विहिणीशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी पेणहून रोह्याला शिकवणीला जाऊ लागले. शिकवणारी मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकून आलेली, स्टेशनाला लागूनच राहायची.

तिने आधी पुढे घडणाऱ्या गोष्टी बोलायला शिकवलं. 'बोय आ' म्हणजे मी अमुक करणार आहे. मग आलं 'एस्ता आ पुंतो दे'. ते माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा तिने खिडकीतून दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीकडे बोट दाखवलं. "काकू, गाडी सुटायला टेकली आहे, असं आपण म्हणतो ना? तेच हे."

मग ते पक्कं बसलं. दूध उतू जायला टेकलं की मी ओट्याशी उभी राहून तेच घोकायची. नवरा डोलवीच्या कंपनीत. शिफ्टवरून आला की हसायचा, बाळ येईस्तोवर तू पुरती तिकडची होशील म्हणायचा.

लेकीला दवाखान्यात नेल्याचं जावयाने कळवलं, त्या दिवशी नवरा कामावर होता. दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि तेवढ्यात विहिणीचा फोन येऊन गेला. मी उचलला नाही म्हणून तिने बोलून निरोप पाठवला होता. तो लावून ऐकला, तर ती रडत होती. भराभर बोलत होती. 'तू इखा', तुझी मुलगी, एवढं कळलं. मग मधेच 'आ पुंतो दे मोरिर'. मोरिर म्हणजे मरणं.

पुन्हा लावला. तेच.

माझी मुलगी मरायला टेकली आहे, असं मला कळलं होतं, आणि ते फक्त मलाच कळलं होतं. विहीण फोन उचलेना, जावयाचा बंद. नवऱ्याला मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. मोबाईल भाषांतर करून देतो म्हणतात, पण मी ऐकून जे लिहिलं त्याचा त्याला अर्थ लागेना. शिकवणीच्या बाईंना निरोप पुढे पाठवला, तर त्यांचाही फोन बंद. शिकवणी चालू असली की त्या बंदच ठेवतात. मी कुलूप लावलं आणि रोह्याची एसटी धरली.

नागोठण्याला गाडी थांबून राहिली. कंडक्टर चहाला उतरला होता. मी निरोप कानाशी धरून परत परत ऐकत होते, जणू या वेळी ती वेगळं काही बोलेल. दूध असतं तर गॅस बंद केला असता. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झाला गो?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. सांगणार काय?

रोह्याला पोचले तेव्हा माझी अवस्था बघून बाईंनी शिकवणी थांबवली. निरोप ऐकला. थोडा मागे नेऊन पुन्हा ऐकला.

"काकू, 'एस्ता' नाही म्हणत त्या. 'आ एस्तादो' म्हणतायत. टेकली होती. मरता मरता वाचली." मग उरलेलं सांगितलं: बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबेना, रक्त चढवावं लागलं, आता थांबलाय. मुलगा झाला, तो बरा आहे.

भूतकाळ आम्ही अजून शिकलोच नव्हतो.

मी तिथेच सतरंजीवर बसले. विहिणीला उत्तर धाडायचं म्हणून बाईंनी फोन पुढे धरला. माझ्या तोंडून 'ग्रासियास', धन्यवाद, एवढंच निघालं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं. "आता बरी हाय ना?" त्याने विचारलं. बरी आहे म्हणतात, मी म्हटलं.

लेकीचा आवाज ऐकायला मिळाला तो दोन दिवसांनी. इतका बारीक, की मी पंखा बंद केला. कशी आहेस, हे मी विचारायच्या आत तिनेच विचारलं, "आई, जेवलीस का?"