दुमडलेल्या पानावरचा नियम

ये गो विजू, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी इथं कोरगावात, पण मनानं तरी जवळ बस. आणि आधी चार बोलणी खा. गेली दिवाळी गेली, गणपतीची चवथ गेली, मावशीकडं यायला तुला सवड नाही, पण दर आठवड्याला फोनवर मात्र – “मावशी, तो अनुभव लिहून पाठव, आमच्या पानावर छापायचा आहे.” अगो, मी मराठी चौथी शिकलेली बाई. पुढचं सगळं वाणसामान गुंडाळून आलेल्या कागदांवर वाचून शिकले. मला कुठं लिहिता येतं? बोलते तसं लिहीन. दुसरे कोण वाचत असतील त्यांनीही सांभाळून घ्यावं.

तर पहिली गोष्ट. माझा असल्या भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या वाड्यावर देवचाराला, म्हणजे राखणदाराला, पाव नि दारू ठेवतात, मी कधी ठेवली नाही. लोकांना रात्री त्याच्या काठीचा आवाज ऐकू येतो, मला आमच्या छपरावरच्या उंदरांचा ऐकू येतो. कौल लावायलासुद्धा मी कधी देवळात गेले नाही... कशाला उगाच देवाला त्रास!

गोवा राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. तुयेच्या फॅक्टऱ्या चांगल्या चालत होत्या आणि आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत तीन कामगार भाड्यानं राहायचे. गडहिंग्लजचा विलास, बांद्याचा सुरेश आणि बेळगावकडचा बसू. बसूची भाषा कानडी, मला तो ‘अव्वा’ म्हणायचा. घरात मी आणि माझी मुलगी सुलू, बावीस वर्षांची.

आमचे हे आगरवाड्याच्या मिठागरात कामाला होते. आदल्या चैत्रात तिथंच कोसळले नि गेले. बांधावरच. त्या दिवसापासून सुलू बोलेनाशी झाली. मुकी नव्हे गो, हो-नाही म्हणायची. “जेवलीस?” – “हो.” “बरं आहे?” – “हो.” बस. घरात दोन माणसं आणि शब्द दिवसाला दहा. म्हापशाच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, वेळ द्या. दिला. किती द्यायचा?

आणि त्या दिवाळीनंतर विलासनं तो खेळ काढला.

त्याच्याकडं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. हरमलच्या किनाऱ्यावर कोणी गोरा पाहुणा जाताना देऊन गेला होता. हा रविवारी दुपारी बाल्कांवात बसायचा – बाल्कांव म्हणजे आमच्या घरापुढचा बसायचा ओटा – आणि समोर पुठ्ठा उभा करून त्यामागं फासे टाकायचा. आठ बाजूंचे, वीस बाजूंचे, लिमलेटच्या गोळ्यांसारखे. खेळ म्हणजे काय, तर गोष्टच. विलास ‘मास्तर’. तो सांगायचा, “तुमच्या म्होरं नदी हाय, पलीकडं पडका किल्ला, आता काय करतासा?” मग प्रत्येकानं आपापल्या सोंगाचं सांगायचं, मी हे करतो, मी ते करतो. जमेल की नाही अशी शंका आली तर फासा. बसू चोर होता, सुरेश वैद्य. आणि एक दिवस चहा ठेवायला गेलेली सुलू तिथंच टेकली. तिनं होडी चालवणारी एक बाई घेतली, नाव ठेवलं भागी.

विजू, ती भागी बोलायची गो! भांडायची, पैज लावायची, बसूला म्हणायची, “चोरा, माझ्या होडयेक हात लावलंस तर नाकात मीठ भरीन.” मी आत जनेलाशी उभी राहून ऐकायचे. माझ्या मुलीचा आवाज मला खिडकीआडून चोरून ऐकावा लागायचा.

मुलीला परक्या पोरांत बसवते म्हणून शेजारच्या पार्वतीनं टोमणा मारलाच. “गे शालन, चेडवाक तीन परक्या झिलग्यांबरोबर बसयतंस? जुगार मगे तो!” मी म्हटलं, “जुगारात माणसं गप्प होतात, पार्वते. ही बघ कशी बोलतायत.”

आता त्या पुस्तकाचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. विलास त्यात रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून ठेवायचा – मारामारी लाल, मंत्र हिरवे. पण खेळ रंगला की पुस्तक मिटलेलं. सुरेश मात्र नियमाचा किडा. “तसां नाय मास्तर. खयच्या पानार आसा ता दाखय.” विलास म्हणायचा, “आत्ता मी सांगतोय तेच. रात्री वाचून बघतो, चुकलं असंल तर म्होरच्या ऐतवारी सांगीन.” आणि खरंच सांगायचा, गेल्या वेळी माझं चुकलं म्हणून. मला ते फार आवडायचं. फारच तंटा झाला तरच पुस्तक उघडायचा. थुंकी लावून पानं उलटायचा, बोट ठेवायचा, आणि सगळे शांत. मी एकदा विचारलं, “इतकं बारीक अक्षर इतक्या झटपट कसं वाचतोस?” तर हसला. म्हणाला, “मावशी, निम्म्या येळा वाचतच न्हाई. इचार कराय येळ पायजे म्हणून उघडतोय.”

शिगमा झाला आणि गावाहून निरोप आला, विलासच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका. तो त्याच संध्याकाळच्या बसनं गेला. पुस्तक, फासे, पुठ्ठा सगळं आमच्याकडं राहिलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. सुलू पुन्हा हो-नाहीवर आली. तिसऱ्या रविवारी ती उंबऱ्यावर बसून रिकाम्या ओट्याकडं बघत होती, आणि मी भांडी घासता घासता उठले. हात पदराला पुसले आणि मास्तरच्या कदेलीत, म्हणजे खुर्चीत, जाऊन बसले.

सुरेश म्हणाला, “मावशे, तुका खेळ येता?”

“गोष्ट सांगता येते,” मी म्हटलं. “नियम पुस्तकात आहेत ना?”

“पुस्तक इंग्रजीत आसा.”

“मग? गिरीच्या भाटकारणीकडं काम केलंय मी लहानपणी. थोडं येतं.”

खोटं. भाटकारीण, म्हणजे जमीनदारीण, पोर्तुगीज बोलायची, आणि मला त्यातलंही ‘ये’ नि ‘जा’ एवढंच यायचं. पण सुरेशला इंग्रजी वाचायला जड जायचं, बसूला येतच नव्हतं. सुलू दहावीपर्यंत शिकलेली, तिला कदाचित आलं असतं, पण पुस्तक मी माझ्या मांडीवरच ठेवायचे.

सुरेशनं बांद्याच्या पद्धतीनं गाऱ्हाणं घातलं – “बा देवा म्हाराजा, आज चार गडी एका मतान बसले हत, फासो सरळ पाड रे म्हाराजा!” आणि बसू नि सुलू ओरडले, “व्हय म्हाराजा!” तीन आठवड्यांनी आवाज ऐकला मी तिचा.

मग काय, दर रविवार. आठवडाभर शेतात, गोठ्यात, काजू वेचताना मी पुढची गोष्ट जुळवायची. हळर्णचा किल्ला मी एकदाच बघितलेला, त्यातच त्यांना सोडलं. तंटा झाला की पुस्तक उघडायचं. अंगठ्याला थुंकी, चार पानं पुढं, दोन मागं, बोट ठेवायचं आणि जे न्याय्य वाटेल ते वाचल्यासारखं सांगायचं. “इथं लिहिलंय, ओल्या भिंतीवर चोराला दोनदा फासा टाकावा लागतो.” बसू कपाळावर हात मारायचा. “अव्वा, हे पुस्तक माझ्या वाईटावरच हाय!”

खरं सांगू? दमून जायचे मी. पन्नाशी ओलांडलेली बाई, सहा दिवस राबायचं आणि सातव्या दिवशी राक्षस नि भुयारं. पण थांबले असते तर मुलगी थांबली असती.

मे महिना संपत आला होता. त्या रविवारी ते तिघं किल्ल्याखालच्या भुयारात पाण्यात अडकले. भागी पुढं. मी फासा मागितला, सुलूनं टाकला. एक. वीस बाजूंच्या फाशावर एक! त्यांच्या खेळात याच्याहून वाईट काही नाही. परत टाकला, दोन. तिसऱ्यांदा टाकला तो माझ्या पायाशी येऊन पडला, पुन्हा एक. विलासच्या नियमानं भागी मेली.

सुलूनं हातातला पेन्सिलीचा तुकडा खाली ठेवला आणि तिचा चेहरा... मी तो ओळखत होते. बाप गेला त्या दिवशी बांधावरून परत आली तेव्हाचा.

“मावशे,” सुरेश हळूच म्हणाला – नियमाचा किडा तो, पण त्याचा आवाज विनवणीचा होता – “पुस्तक बघ गे. काय तरी असतला.”

मी पुस्तक उघडलं. या वेळी थुंकी लावली नाही, पानं उलटली नाहीत. जिथं उघडलं तिथं बोट ठेवलं. काळ्या मुंग्यांसारखी अक्षरं. आणि माझ्या तोंडातून निघालं –

“पडलेल्याच्या तळहातावर मीठ ठेवायचं. मग त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारायची. त्यानं स्वतःच्या आवाजात, मी कुठं आहे ते सांगितलं, तर तो उठतो.”

हे कुठून आलं ते विचारू नको. मी जुळवलं नव्हतं. आमच्या घरात मिठाशिवाय होतं काय दुसरं, म्हणून आलं असेल.

“अव्वा, मीठ कुठं हाय?” बसू उठलाच. चुलीजवळच्या नारळाच्या करटीतलं चिमूटभर आणलं नि सुलूच्या तळहातावर ठेवलं. सुरेशनं हाक मारली, “भागी!” ती गप्प. मग माझ्या ध्यानात आलं, आईनं ठेवलेलं नाव. मी हाक मारली, “सुलोचना.”

तिनं मूठ मिटली.

“आई,” ती म्हणाली, “हांव बांधार आसा. माका उशीर झाल्लो. पेज घेऊन येतना... माका उशीर झाल्लो.”

मग ती रडली. तेरा महिन्यांनी. मी पुस्तक टाकून तिला धरलं. पोरीच्या मनात वर्षभर हेच होतं गो – मी वेळेवर पेज नेली असती तर बाप वाचला असता! आणि डॉक्टरनं त्याच दिवशी सांगितलं होतं की हे सकाळी, बाकीचे गडी कामावर यायच्या आधीच गेले होते, पेजेच्या वेळेच्या कितीतरी आधी. सगळ्यांना सांगितलं, तिला सांगायचं राहून गेलं. तिला माहीत असेल असं मी धरून चालले. ही माझी चूक. तेव्हा तिला सांगितलं. सुरेश नि बसू पाठमोरे होऊन गोठ्याकडं बघत बसले, बिचारे.

नंतर पुस्तक उचललं तेव्हा ते पान दुमडलं गेलं होतं. मी तसंच मिटून ठेवलं.

इथवर काही अमानवीय नाही, मला कळतं. चवथ झाल्यावर विलास परत आला. मी त्याला एकट्याला गाठून सगळं कबूल केलं, तुझ्या पुस्तकाच्या नावावर पाच महिने खोटं बोलले म्हणून. तो पोट धरून हसला. “मावशी, तुमी तर लई भारी मास्तर झालासा!” मग पान दुमडलेलं बघून रागावला, पान सरळ करायला उघडलं आणि हसणं थांबलं.

“मावशी, कुटल्या पानावर बोट ठेवलं हुतं?”

“ह्याच.”

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला मराठीत सांगितलं. मीठ, उजव्या तळहातावर. आईनं ठेवलेलं नाव. आपल्याच आवाजात, आपण कुठं आहोत ते.

मंत्रांच्या यादीत, खालच्या बाजूला. तिथं हिरवा कागद नव्हता, चित्र नव्हतं. विलास म्हणाला, हा नियम त्यानं कधी वापरला नाही, वाचलेला आठवतही नाही. सुलूला विचारलं, तिनं पुस्तकाला हात लावला नव्हता. पेडण्याच्या एका शाळामास्तरांना दाखवलं, त्यांनीही तेच वाचलं. आम्ही माझे बाकीचे नियम शोधले – ओली भिंत, चोराचे दोन फासे, आठवतील तेवढे. एकही त्या पुस्तकात नव्हता. सगळे माझ्या डोक्यातले. एवढा एकच होता, आणि तो बोटाखाली.

योगायोग, असं एका शिकलेल्या पाहुण्यानं मला समजावलं. असेल. मीठ योगायोग, नाव योगायोग. पण मग पानही? मी खूप विचार केला, आता करत नाही. दमायला होतं.

विलास पुढं कोल्हापूरकडं कामाला लागला, जाताना पुस्तक मला देऊन गेला. सुरेश आखातात, बसूचा पत्ता नाही. सुलू डिचोलीला सासरी आहे, इतकी बोलते की नवरा कान झाकतो. ती सगळ्यांना सांगते, आईला इंग्रजी येतं, आईनं पुस्तकात वाचून मला उठवलं. मी किती वेळा म्हटलं, अगो, मी खोटं बोलले होते, मला एक अक्षर वाचता येत नाही. ती म्हणते, “मग पानावर कसां होता ता?” मुलीसाठी जन्मात एकदा मन घट्ट करून खोटं बोलले, तर तेसुद्धा माझं राहिलं नाही. आता मी ते कबूल कुणाकडं करू?

म्हणून तुला लिहिलं. तू तरी म्हण, मावशी, तू खोटं बोललीस. समोर बसून म्हण. पुढच्या महिन्यात ये, पेडण्याला उतर, रिक्षावाल्याला शालनमावशीचं घर सांग, तो आणून सोडेल. उंडे, आमचे ते गोल पाव, आणून ठेवते. फार उशीर करू नको.