जपानी लढवय्या आणि ईदचा सदरा

साठच्या दशकात आम्ही रत्नागिरीकडून शारजाला आलो. रोल्लाच्या बाजारात माझ्या नवऱ्याचं शिवणाचं दुकान होतं, मागच्या खोलीत आमचा संसार. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर एकदा जपानी कॅलेंडर आलं. वर्ष संपलं तरी त्यातलं एक चित्र यांनी भिंतीवरून काढू दिलं नाही.

काळ्या शाईचं चित्र. एक धिप्पाड लढवय्या दोन्ही हात बाजूला धरून उभा, पोट सुटलेलं, आणि एक म्हातारा मागून त्याच्या चिलखताच्या दोऱ्या बांधतोय. मला ते ध्यान मुळीच आवडायचं नाही. "एवढा मर्द, आणि स्वतःच्या दोऱ्या बांधता येत नाहीत?" मी म्हणायचे.

"म्हणून तर आवडतो," हे म्हणायचे. माप द्यायला आलेला प्रत्येक पुरुष यांच्यासमोर छाती फुगवून, पोट आत ओढून उभा राहायचा. मग शिवलेला कपडा पोटावर ताणला जायचा आणि शिव्या शिंप्याला. म्हणून टेप लावण्याआधी हे प्रत्येकाला सांगत, "हबीबी, सांस छोडो." चित्रातला गडी न सांगताच श्वास सोडून उभा होता, याचं यांना भारी कौतुक.

एका ईदच्या आदल्या दिवशी हे दुकानातल्या शिडीवरून पडले. उजवा खांदा सुजला, हात वर होईना. सकाळी नवा सदरा घालायला मी पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे. मी काय तान्हा आहे?"

"मग नमाजला?"

"नाही जात."

वर्षभर ईदची वाट पाहणारा माणूस हा. माझं डोकंच फिरलं. खाटेवर जाऊन बसले आणि ठरवलं, हाक मारल्याशिवाय उठायचं नाही.

बाहेर नमाजला निघालेल्यांची बोलणी ऐकू येऊ लागली, तसं यांनी डाव्या हाताने सदरा डोक्यावर ओढला आणि आतच अडकले.

"अगं," सदऱ्यातून आवाज आला, "आहेस ना?"

"आहे की."

मी सदरा काढून दुखऱ्या हाताची बाही आधी चढवली. डोकं बाहेर आलं तेव्हा डोळे ओले होते. मला त्यांची फार माया आली. पण बटण लावायला गेले तर स्वारी छाती फुगवून उभी, बटण काजापर्यंत पोचेना.

"हबीबी, सांस छोडो," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, हसू फुटलं, पोट सुटलं आणि बटण लागलं.