दारावरून पुढे गेलेली गाणी

श्रावणात माझा धाकटा भाऊ तापानं गेला. तीन दिवसांत. वसमतच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. पण रीत सगळ्यांची तीच. दुखवट्याच्या घरी वर्षभर कढई चढत नाही, सणाचं ताट शेजारी आणून देतात. नाताळ जवळ आला तरी आईनं करंज्यांचं नाव काढलं नाही. चर्चमध्ये ती बसायची, पण गाण्यात तिचा आवाज नसायचा. मला वाटलं, हिचा विश्वास उडाला. माझा तर कबरीत माती लोटली तेव्हाच उडाला होता, आणि देवावरचा राग मी दिसेल त्याच्यावर काढत होते.

नाताळाआधी आमच्या चर्चची मंडळी घरोघर गात फिरते. ढोलकी भावाकडे असायची. ती दुसऱ्याच्या हातात आई कशी बघणार? मी चर्चच्या पाळकसाहेबांना गाठून सांगितलं, "यंदा आमच्या घरी येऊ नका."

"आईला विचारलंस का?"

"हो," मी बेधडक खोटं बोलले.

मंडळी आमच्या भागात यायची त्या दिवशी तिन्हीसांजेला कामावरून आले, तर आईनं अंगण झाडलेलं, ठेवणीतलं पातळ नेसलेलं. भावानं गेल्या वर्षी बांबूच्या कामट्यांना कागद लावून केलेला तारा दारावर टांगला होता. फाटल्या बाजूला वर्तमानपत्र डकवलं होतं. ढोलकी जवळ आली, कोपऱ्यावर थबकली आणि पुढच्या गल्लीत वळली.

आई उंबऱ्यातच बसली. "काहून गेले गं? मयताच्या घरी येशू येत न्हाई का?"

"मीच नको म्हटलं. तू गात नव्हतीस म्हणून."

"गळ्यातून आवाज निघत न्हाई माझा, पोरी. लेकरू मातीत ठेवलं. ते पुन्हा भेटंल, ह्या एका भरोशावर रोज सकाळी उठून राहिले मी. तेवढंबी हाकलून दिलंस व्हय?"

मी अनवाणी धावले. सगळ्यांदेखत खोटं कबूल केलं, मंडळीला माघारी आणलं. अंगणात गाणं सुरू झालं. आईचे नुसते ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. एकही कडवं न चुकता ती सगळं म्हणत होती, श्रावणापासून दर रविवारी म्हणत आली होती तसंच.

भाऊ नाही तो नाहीच. घर अजून खायला उठतं. पण त्या संध्याकाळपासून मी चर्चमध्ये आईला खेटून बसते, आणि तिच्या वाटचं मोठ्यानं गाते.