डिकीचं दार

नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, सकाळी, फिजिओथेरपीच्या दवाखान्यासमोर एक गाडी थांबली. साठीच्या एक बाई उतरल्या. त्यांनी डिकी उघडली आणि आतली चाकांची खुर्ची ओढायला लागल्या, तोच वरचं दार हळूहळू खाली यायला लागलं. त्यांनी सहज त्याला खांदा दिला आणि ओढणं चालूच ठेवलं.

मी धावलो. "धरू का?"

"धरा की. थंडीत याला वर धरणारे दांडे ढिले पडतात. आतला गॅस आकसतो म्हणे. ऊन चढलं की दार आपोआप वर राहतं."

पुढच्या सीटवरून त्यांच्या यजमानांचा अडखळता आवाज आला, "डोक्यात पडेल गं!"

"कानटोपी आहे!" त्या हसत म्हणाल्या.

दार चांगलंच जड होतं. एरवी ते बोटाने उघडतं, तेव्हा कुणीतरी त्याचा भार पेलत असतं हे लक्षातही येत नाही. या बाई रोज असं किती काय पेलत असतील, आणि तेही हसत!

त्यांनी खुर्ची पुढच्या दाराशी नेली. यजमान म्हणाले, "थांब. आज माझा मी उठतो."

त्या दोन पावलं मागे सरल्या. मदतीला पुढे झालेले हात त्यांनी शालीत ओढून घेतले. यजमान दाराला धरून थरथरत, हळूहळू उठले आणि उभे राहिले.

बाईंनी खुर्ची लगेच पुढे केली नाही. त्यांना पुरतं उभं राहू दिलं.